बिडी-सिगारेट सोडवणारी औषधं फार्मासिस्टने लिहून द्यावीत का? इंदूरच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट. इंदुरात, मराठी वस्ती असलेल्या भागात माझं मेडिकल आहे. बिडी-सिगारेट सोडण्याबद्दल काउंटरवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही गिऱ्हाइकांचे, काही त्यांच्या घरच्यांचे, काही ओळखीच्या डॉक्टरांचे. माझं मत आधीच सांगते: रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला ठरलेल्या नियमांत राहून ही औषधं सुरू करण्याची परवानगी मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

फार्मासिस्टने औषध लिहून देणं म्हणजे नेमकं काय?

आज डॉक्टर चिठ्ठी लिहितात, फार्मासिस्ट ती तपासून औषध देतो आणि कसं घ्यायचं ते सांगतो. काही देशांनी तंबाखू सोडवण्यापुरता यात अपवाद केला आहे. तिथे फार्मासिस्ट तुमची माहिती विचारतो, दुसरे आजार आणि चालू औषधं बघतो, योग्य वाटलं तर औषध स्वतः लिहून देतो, त्याची नोंद ठेवतो आणि तुमच्या डॉक्टरांना कळवतो. औषधांची यादी ठरलेली असते. त्या यादीबाहेर त्याला काही लिहिता येत नाही. ताप, खोकला, बीपी यांचा इथे संबंध नाही.

भारतात याला परवानगी आहे का?

नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. त्यानुसार चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन ही बिडी-सिगारेट सोडवणारी दोन्ही औषधं त्यातच मोडतात. २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम मात्र चिठ्ठीशिवाय मिळतं. ४ मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागते.

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्ये रुग्णाला समुपदेशन करणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. म्हणजे समजावून सांगण्याचा अधिकार आजही आमच्याकडे आहे. तो आम्ही पुरेसा वापरत नाही, ही खंत आहे.

डॉक्टर आहेत की! मग फार्मासिस्टची गरज काय?

कारण सोडायची इच्छा डॉक्टरांच्या वेळा बघून येत नाही. ती रात्री साडेनऊला येते, बायकोशी वाद झाल्यावर, नाहीतर शेजारच्या कुणाला हार्ट अटॅक आल्याचं कळल्यावर. त्या वेळी मेडिकल उघडं असतं. सकाळी एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जायचं तर कार्डाची रांग, डॉक्टरांची रांग आणि त्यात दिवसाचा रोज बुडणार. सियागंजात हमाली करणारा किंवा पोलोग्राउंडच्या कारखान्यात जाणारा माणूस त्यासाठी सुट्टी घेत नाही. खोकला वाढला की घेतो. खाजगी दवाखान्यात गेला तर मधुमेहाच्या गोळ्या लिहिता लिहिता डॉक्टर म्हणतात, "सिगारेट बंद करा बरं का." गर्दीत त्यांना यापेक्षा जास्त वेळ देता येत नाही, हे मी रोज बघते. पण कशी बंद करायची, ते त्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातले १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, आणि त्यात सिगारेटपेक्षा बिडीवाले जास्त आहेत. या ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं होतं. इच्छा आहे, हे यातून स्पष्ट दिसतं. मात्र कुठल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकतात ते शंभरातले जेमतेम तीन ते पाच. बाकीचे ‘माझ्यात दमच नाही’ असं धरून बसतात, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. निकोटिनची सवय मेंदूत बसलेली असते. तिच्यावर औषध आहे आणि ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे: धुराविना निकोटिन देणारे गम-पट्टीसारखे पर्याय २००९ पासून, व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन २०२१ पासून. इन्सुलिन ज्या यादीत आहे, तीच ही यादी.

बाहेर हे कुठे चालतं?

कॅनडात चांगलं रुळलं आहे. अल्बर्टा प्रांतात २००७ पासून फार्मासिस्टना औषधं लिहिण्याचे अधिकार मिळू लागले. ऑन्टॅरिओने २०१२ मध्ये खास धूम्रपान सोडवण्यासाठी व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन लिहिण्याची मुभा दिली. क्युबेकमध्ये २०१५ पासून फार्मासिस्ट धूम्रपान सोडवण्यासाठी काही औषधं लिहू शकतात. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं आहे. न्यू मेक्सिकोने हे फार लवकर सुरू केलं. कॅलिफोर्नियाच्या २०१३ च्या कायद्याने फक्त निकोटिनचे पर्याय देण्याची परवानगी दिली, गोळ्यांची नाही. ब्रिटनमध्ये वेगळी वाट आहे: डॉक्टर आणि वरिष्ठ फार्मासिस्ट मिळून एक लेखी आदेश तयार करतात आणि त्या चौकटीत बसणाऱ्या माणसाला दुकानातला फार्मासिस्ट व्हॅरेनिक्लिन देऊ शकतो.

मला ऑन्टॅरिओची एक अट विशेष आवडते. फार्मासिस्टने लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या हातात द्यावीच लागते, आणि ‘हे औषध तुम्ही दुसऱ्या कुठल्याही दुकानातून घेऊ शकता’ असं तोंडाने सांगावंही लागतं. या अटीकडे पुढे पुन्हा येते.

ही औषधं घातक नाहीत ना?

तिन्हींचं उत्तर वेगवेगळं आहे.

निकोटिनचे गम, गोळ्या आणि त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या सगळ्यात सुरक्षित. धुरातला टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नाही. सोडण्यात यश येण्याची शक्यता त्यांनी साधारण दीडपट होते. पट्टी आणि गम एकत्र वापरले तर एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

बुप्रोपिऑन मुळात नैराश्याचं औषध. ज्यांना फिट येतात किंवा पूर्वी आलेल्या आहेत, त्यांना ते चालत नाही. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक तोडली असेल, तरीही नाही. माझ्या मते आपल्याकडे हे औषध आज तरी डॉक्टरांकडेच राहावं. दारूबद्दल दुकानात चारचौघांत खरं बोलायला लोक कचरतात आणि इथे ते खरं कळणं फार गरजेचं आहे.

व्हॅरेनिक्लिन सगळ्यात गुणकारी. मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं, त्याच जागी ते जाऊन बसतं. त्यामुळे तलफ कमी होते आणि ओढलीच तर पूर्वीची मजाही येत नाही. साधारणपणे सिगारेट सोडण्याच्या तारखेआधी आठवडाभर सुरू करतात: पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्धा मिलिग्रॅम दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. मळमळ होते, म्हणून पोटभर खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं. विचित्र स्वप्नं पडतात. किडनी फार खराब असेल तर मात्रा कमी करावी लागते.

‘याने माणूस डिप्रेशनमध्ये जातो’ असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये तसा ठळक इशारा खरोखरच छापायला लावला होता. नंतर आठ हजारांहून अधिक लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यात मानसिक आजार असलेलेही होते. धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही आणि २०१६ मध्ये तो इशारा काढून टाकला. तरीही मनःस्थितीत बदल जाणवला तर लगेच कळवा, हे सांगायचंच. २०२१ मध्ये फायझर कंपनीने आपल्या गोळ्या बाजारातून परत घेतल्या, त्याचं कारण वेगळं होतं: त्यांत नायट्रोसमीन या कॅन्सरचा धोका वाढवू शकणाऱ्या गटातली अशुद्धी मर्यादेबाहेर सापडली होती.

गम चघळलं, पण उचक्या लागल्या आणि तलफ काही गेली नाही. फसवणूक आहे का ही?

फसवणूक नाही, पण गम तुमच्या हातात देताना कुणी दोन मिनिटं थांबलं नाही, एवढं नक्की. जवळजवळ प्रत्येक जण ते साध्या च्युइंगमसारखं कराकरा चावतो. मग निकोटिन लाळेत उतरतं, पोटात जातं, जळजळ होते, उचक्या लागतात आणि मेंदूपर्यंत फारसं काही पोचत नाही.

हळूहळू चावा. जिभेला तिखट, मिरमिरल्यासारखं लागलं की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. मिरमिर गेली की पुन्हा दोन-चारदा चावा, जागा बदलून पुन्हा ठेवा. अर्धा तास असं चालतं. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं आणि तोंड आंबट असेल तर ते शोषलं जात नाही. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्डड्रिंक, लिंबू काही नको. इंदुरात हे अवघडच. सकाळी पोह्यांवर लिंबू पिळून, वर चहा घेऊन, लगेच गम तोंडात टाकणारे मी खूप बघते. पोहे खा, चूळ भरा, थोडं थांबा, मग गम.

मात्राही चुकते. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल, तर २ मिलिग्रॅमचं गम अपुरं पडतं. अशाला ४ मिलिग्रॅमचं हवं, आणि तिथेच आमचे हात बांधलेले. ज्याचं व्यसन जास्त, त्याला मी कमी ताकदीचंच औषध देऊ शकते आणि तो आठ दिवसांनी येऊन म्हणतो, "काही फायदा नाही, ताई." एवढा एक नियम बदलला तरी पुष्कळ फरक पडेल.

निकोटिन सोडायचं म्हणून निकोटिनच घ्यायचं?

हो, तात्पुरतं. व्यसन निकोटिनचं असतं, पण कॅन्सर, दमा, हृदयविकार बहुतांशी धुरातून येतात. आधी धूर थांबवायचा, मग गम कमी करत न्यायचं.

सिगारेट सोडल्यावर माझ्या बाकीच्या गोळ्यांवर परिणाम होतो का?

होतो, आणि फार्मासिस्टला या कामात घ्या असं मी म्हणते त्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. धुरातल्या टारमधली द्रव्यं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वाढवतात. त्यामुळे काही औषधं शरीरातून भराभर बाहेर पडतात आणि डॉक्टरांनी त्या हिशेबाने मात्रा वाढवून ठेवलेली असते. धूर थांबला की तीच मात्रा जास्त होते. हे काम टारचं आहे, निकोटिनचं नाही, म्हणून गम किंवा पट्टी चालू असली तरी हे घडतं.

आमच्याकडे एक काका येतात. उभी हयात कापड गिरणीत गेली, छाती खराब, बिडी सुटत नव्हती. दम लागू नये म्हणून थिओफिलिनच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू. नातीच्या आग्रहाने त्यांनी बिडी एकदम बंद केली आणि आठवड्याभरात हात थरथरायला लागले, छातीत धडधड, झोप नाही, मळमळ. घरच्यांना वाटलं, बिडी सोडल्याचा त्रास आहे, म्हातारपणी उगाच सोडायला लावली. त्यांच्या पिशवीत बिडीचं बंडल पुन्हा आलं होतं. गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली तेव्हा माझ्या लक्षात आलं. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, त्यांनी मात्रा कमी केली, चार दिवसांत काका पूर्ववत झाले. बंडल त्यांनी परत नेलं नाही.

क्लोझापिन आणि ओलान्झापिन या मानसिक आजाराच्या औषधांचंही असंच होतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा तपासावी. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी रक्ताची तपासणी करून घ्यावी. चहासुद्धा कमी करा: कॅफिन त्याच विकराने पचतं, त्यामुळे सिगारेट सोडल्यावर तेवढ्याच चहाने जास्त बेचैन वाटतं.

दुकानदारच लिहिणार आणि दुकानदारच विकणार? मग काहीही खपवतील.

शंका रास्त आहे. मी तिला टाळणार नाही. आपल्याकडे आणखी वाईट प्रकार आहे: भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि गल्ल्यावर उभा दुसराच. नावापुरता फार्मासिस्ट लावून चालणारी दुकानं सगळ्या शहरांत आहेत, इंदूर त्याला अपवाद नाही. अशा दुकानाला लिहिण्याचा अधिकार मिळाला तर अनर्थ होईल.

म्हणून परवानगी दुकानाला नको, व्यक्तीला हवी. ज्याने प्रशिक्षण घेतलं आणि परीक्षा दिली, त्याच्या नोंदणी क्रमांकावर ती असावी आणि तो समोर हजर असेल तेव्हाच वापरता यावी. ऑन्टॅरिओसारखी लेखी चिठ्ठी रुग्णाच्या हातात पडावी, म्हणजे तो दवा बाजारात, औषधांच्या घाऊक बाजारात, जाऊन स्वस्तात घेऊ शकेल. नोंदवही औषध निरीक्षकाला केव्हाही बघता यावी. सल्ल्याचे थोडे पैसे वेगळे मिळाले, तर माल खपवायचा मोहही कमी होईल.

डॉक्टर याला मान्यता देतील?

काही देतात, काही नाही. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो तो असा: खोकल्यातून रक्त पडतंय, वजन उतरतंय, अशा माणसाला फार्मासिस्टने गम देऊन घरी पाठवलं तर निदान लांबेल. म्हणून डॉक्टरकडे पाठवण्याची लक्षणं प्रशिक्षणात पहिल्यांदा यायला हवीत. छातीत दुखणं, रक्त, तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा, आवाज बसून राहणं: यातलं काही असेल तर औषध नंतर, डॉक्टर आधी.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ च्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्य सेवकाला मर्यादित परवाना देऊन प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहू देण्याची तरतूद आहे. म्हणजे डॉक्टर नसलेल्याने मर्यादेत राहून औषध लिहावं, ही कल्पना आपल्या संसदेला नवी नाही. माझं म्हणणं टप्प्याटप्प्याने चला एवढंच. आधी ४ मिलिग्रॅमचं गम आणि पट्टी. त्याचा अनुभव बघून ब्रिटनसारख्या लेखी आदेशाखाली व्हॅरेनिक्लिन.

यांना न सांगता चहात टाकायचं काही औषध द्या ना.

हा प्रश्न बायकांकडून इतक्या काकुळतीने येतो की नाही म्हणताना जीव तुटतो. पण नाही. जाहिरातींत दिसणाऱ्या अशा पुड्यांमध्ये काय असतं, ते कुणी तपासलेलं नसतं, आणि माणसाला नकळत औषध देणं धोक्याचं आहे. त्यांना एकदा नुसतं दुकानात पाठवा, बीपी मोजायच्या निमित्ताने आले तरी चालेल. सोडायचंच असं ठरवून येण्याची गरज नाही.

गुटखा आणि तंबाखू-चुन्यासाठी हीच औषधं चालतात का?

मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये, देशात सगळ्यात आधी, गुटख्यावर बंदी घातली. गुमटीवर, म्हणजे पानटपरीवर, पानमसाला आणि तंबाखूच्या वेगळ्या पुड्या आजही लटकतात, हे आपण सगळे बघतो. खाण्याच्या तंबाखूसाठी व्हॅरेनिक्लिनचा काही उपयोग अभ्यासांत दिसला आहे. गमचा पुरावा तितका पक्का नाही. समुपदेशनाचा फायदा मात्र नक्की होतो.

त्याऐवजी व्हेप घेतलं तर?

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्रीच बंद आहे.

गरोदर बाई, नुकताच हार्ट अटॅक आलेला माणूस, सतरा वर्षांचा मुलगा: यांना फार्मासिस्टने द्यावं का?

देऊ नये, थेट डॉक्टरांकडे पाठवावं. कुठल्याही नियमावलीत ही मंडळी बाहेरच ठेवायला हवीत. मुलाला मात्र रागावून पाठवू नका. तो विचारायला आला, हेच मोठं आहे.

खर्च परवडतो का?

गमचा पूर्ण कोर्स एकदम घेतला तर महाग वाटतो, म्हणून लोक दोन-दोन गोळ्या नेतात. त्या दिवसभरात संपतात आणि रात्री पुन्हा बिडी. निदान आठवड्याभराचं एकदम घ्या. सरकारी रुग्णालयांत आणि तंबाखूमुक्ती केंद्रांत औषध मोफत मिळतं का, ते आधी विचारा. मिळत असेल तर माझ्याकडून घेऊ नका.

दहा दिवस राहिलो, मग लग्नात एक ओढली. आता?

औषध चालूच ठेवा. एका सिगारेटने दहा दिवस वाया जात नाहीत. शारीरिक त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. तुम्ही त्यातला अवघड भाग काढून बसला आहात. लग्नात कोणासोबत आणि कशावर ओढली, ते मात्र आठवून ठेवा. बहुतेकदा सोबत दारू असते.

वय साठ झालं. आता सोडून काय उपयोग?

ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात दिसलं की साठीत सोडणाऱ्यांचं आयुष्य, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे ३ वर्षांनी वाढतं. पन्नाशीत सोडलं तर ६, चाळिशीत ९, तिशीत १०. श्वास तर त्याआधीच मोकळा होतो, काही आठवड्यांत.

नियम बदलेपर्यंत मी काय करू?

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीला फोन करा: १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. तिथे समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोनही करतात. ४ मिलिग्रॅमचं गम किंवा गोळ्या हव्या असतील तर चिठ्ठी लागेलच. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मला सोडायचंय, औषध लिहून द्या." असं म्हटलं की बहुतेक डॉक्टर लिहून देतात. मग मेडिकलवर या, शक्यतो दुपारी, गर्दी नसते तेव्हा. दुकानात फार्मासिस्ट कोण आहे ते विचारून त्याच्याशीच बोला. उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने लागते ते लक्षात ठेवून या आणि सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा, अगदी आयुर्वेदिकसुद्धा.